निवृत्तीचा हिशोब आणि पाच घरचा जोगवा

आयुष्यभर मी पोरांना गणित शिकवलं आणि निवृत्त व्हायच्या तोंडावर भिकेला लागलो. म्हणजे, निदान तुळजापुरातल्या आमच्या गल्लीचं तसं ठाम मत झालं.

त्याचं असं झालं. शोभाला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, अणदूरच्या शिवारातली एक जागा घ्यायची होती. तिच्या चुलतभावाची, बालाजीची. दोन खोल्या, पुढं ओसरी, दारात लिंब. लग्न झाल्यापासून बाई भाड्याच्या घरात राहिली, कधी तोंड वाकडं केलं नाही. आता पहिल्यांदाच तिनं काही मागितलं होतं. बालाजी म्हणाला होता, "दाजी, तुमच्यासाठी थांबतो. पण दिवाळीपातूर काय ते सांगा." जागेचे पैसे दिल्यावर जे उरेल त्यात आम्हा दोघांचं म्हातारपण सुखात जाईल का, एवढंच मला ठरवायचं होतं. साधी वजाबाकी! (तिसरीतली पोरं करतात.)

रोज संध्याकाळी मी गच्चीवर बसायचो, डोळे मिटायचो आणि हिशोबाला लागायचो. डोळे मिटले की अणदूर दिसायचं. तूर पिवळ्या फुलांनी डवरलीय, वाऱ्यावर हलतेय. मी ओसरीत बंगईवर. कड्या कुरकुरतायत, लिंबाची सावली अंगणातून हळूहळू पलीकडं सरकतेय आणि मला कुठंही जायचं नाही. शोभा चहा आणते. चहा म्हटला की दूध आलं. विकतचं दूध कशाला? डोळे मिटूनच मी एक म्हैस घेतली. काळीभोर, शांत, उतरत्या उन्हात रवंथ करणारी. म्हशीला गोठा आला. गोठ्याला गडी आला. गडी लई चांगला निघाला! विश्वासू, जिवाला जीव देणारा. बघता बघता त्याची पोरगी लग्नाला आली...

मी दचकून डोळे उघडले आणि ओरडलो, "शोभा, पैसे पुरत न्हाईत!"

"आता काय झालं?"

"गड्याच्या पोरीचं लग्न हाय. आहेर करायला नको?"

"जो गडी आपण अजून ठेवलाच न्हाय, त्याच्या पोरीला आहेर कामून करलालाव?" शोभा कपाळाला हात लावून म्हणाली.

असं रोज चाललं होतं. एका संध्याकाळी स्वप्नात विहीर आटली, दुसऱ्या संध्याकाळी म्हैस व्याली आणि पारडं सांभाळायला आणखी एक गडी लागला. रोज शेवटी माझी एकच आरोळी, "पुरत न्हाईत!" आमच्या गल्लीत गच्चीला गच्ची खेटलेली. आरोळी सगळ्यांना ऐकू जायची. म्हैस मात्र मला एकट्यालाच दिसत होती.

शेवटी शोभाच वैतागली. "तुमच्यानं काय ठरत न्हाय. मंगळवारी जोगवा मागू आन् आईवर सोडू."

आमच्या घरचा कुळाचारच आहे तो. काही नवं करायचं असलं की मंगळवारी नवरा-बायकोनं कपाळभर कुंकू लावून, हातात परडी घेऊन पाच घरी जोगवा मागायचा. घरात सोन्याच्या विटा असल्या तरी मागायचा. मूठमूठ पीठ मिळतं, त्याची भाकरी करून देवीला दाखवायची. आणि परडीत पडलेलं काहीही परत करायचं नाही; ते आईनं दिलेलं असतं. आता तुळजापूरला जोगवा काही नवा नाही. पण महिनाभर माझ्या आरोळ्या ऐकून गल्लीला आमच्याबद्दल बरंच काही नवं कळलं होतं.

"आई राजा उदे उदे!" पहिलं घर शेजारच्या सिंधूकाकूंचं. काकूंनी आमच्याकडं पाहिलं, डोळ्यांना पदर लावला आणि आतून पायलीभर ज्वारी आणली.

"अवो काकू, मूठभर पीठ घाला फकस्त!" शोभा म्हणाली.

"मुठीनं काय व्हतंय गं बाई? पोट हाय का थट्टा?"

परडी पहिल्याच घरी भरली. दुसऱ्या घरी तूरडाळ आणि तेलाचा पुडा. तिसऱ्या घरी निवृत्त फौजदार आबांनी स्वतःचा स्वेटर काढून वर ठेवला. "थंडी पडलालीय, गुर्जी."

"आबा, ही आमची रीत हाय वो!"

"मग रीत म्हणूनच मागा. लाजू नका. आमाला समजतंय समदं."

चौथ्या घरी दोन उशा मिळाल्या. पाचवे गिरणीवाले दत्तूतात्या. त्यांनी दळण थांबवलं, पट्टा बंद केला आणि मला बाजूला घेतलं. "गुर्जी, निवृत्त झाल्यावर गिरणीत बसा. वजन करायचं आन् पैसे घ्यायचे. वर पंखा हाय." देवीच्या गावात जोगवा हातगाडीवर घालून घरी आणणारा पहिला भक्त बहुधा मीच.

दुपारी बालाजीचा फोन. "दाजी, तुमच्या जोगव्याचं समजलं मला सगळं. जागेचं आता डोक्यातून काढा. तुमच्यावर बोजा नको म्हणून दुसरं गिऱ्हाईक बघितलंय. परवा बयाणा घेतो."

मी शोभाकडं पाहिलं. ती खाली बसून काकूंची ज्वारी निवडायला लागली. भांडली असती तर बरं वाटलं असतं हो! पण ती नुसती खडे वेचत राहिली, आणि मला इतकं वाईट वाटलं की जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं अणदूर गाठलं. बालाजी खंडोबाच्या देवळापुढं चार लोकांत बसला होता. मला बघून गडबडीनं उठला. "या दाजी. आधी खाऊन घ्या." आणि माझ्यासाठी दोन प्लेट पोहे मागवले. दोन!

माझं डोकंच फिरलं. "मी काय उपाशी हाय का रे?" आणि मी सुरू झालो. फंड किती, ग्रॅच्युइटी किती, बँकेत किती, पोस्टात किती, शोभाच्या अंगावर सोनं किती. शेवटी बेरीज करून आकडा सांगितला. शेवटच्या बाकावर झोपलेलं पोरगं जागं होईल असा माझा आवाज आहे. देवळातल्या पुजाऱ्यानं घंटा धरून ठेवली.

बालाजी हळूच म्हणाला, "एवढं हाय तुमच्याकडं?"

"हाय!"

"मग दाजी, ते गिऱ्हाईक लाखभर वाढवून देलालंय. तुमाला काय जड हाय?"

सगळं गाव माझ्या तोंडाकडं बघत होतं. एवढा आकडा ओरडल्यावर घासाघीस कुठल्या तोंडानं करणार? "घे!" म्हटलं.

निवृत्त झालो, जागा झाली आणि आम्ही अणदूरला राहायला आलो. शोभा संध्याकाळी ओसरीवर पाय पसरून बसते, तुरीकडं बघत मनाशीच काहीतरी गुणगुणते. इतकी सुखी मी तिला कधी पाहिली नव्हती. मी शेजारी बसून उघड्या डोळ्यांनी वजाबाकी करतो. आता पैसे खरोखरच पुरत नाहीत. तसं सगळ्यांना सांगतो, पण ऐकतंय कोण! सिंधूकाकू फोनवर म्हणतात, "पुरे करा गुर्जी, आकडा तुळजापुरातबी ऐकलाय आमी." परवा दत्तूतात्या मुद्दाम अणदूरला आले. म्हटलं, गिरणीतल्या नोकरीचं विचारायला आले असतील. तर गिरणीला नवी मोटर बसवायची म्हणून माझ्याकडंच उसने मागायला! नाही म्हटलं असतं, तर पुन्हा गरीब ठरलो असतो.

दिले!