भुयाराच्या तोंडाशी थांबलेली गोष्ट

सत्तरी ओलांडलेल्या ललिताबाई एकदा गोष्ट सांगायला बसल्या की मध्येच उठत नाहीत. कुकरच्या शिट्ट्या होवोत, नाहीतर दारात गॅसवाला ताटकळत उभा राहो. पंचवटीतल्या आमच्या बिल्डिंगमधली पोरं त्यांच्याकडे जमतात आणि मी, त्यांची शेजारीण, भाजी निवडायचं निमित्त काढून जाते. एकदा वरण खाली लागून करपलं तरी बाई हलल्या नाहीत. मला नसत्या चौकशा करायची खोडच आहे, म्हणून विचारलं, असं का?

"आधी मी नेमकं उलटं करायचे," त्या म्हणाल्या.

बाई सिन्नरकडच्या शेतकऱ्याच्या घरातल्या. लहानपणी त्यांना बाजरीची पाखरं राखायला शेतातल्या उंच माळ्यावर बसवायचे. ह्या गोफण बाजूला ठेवून मोठ्यानं कविता म्हणत बसायच्या. पाखरं निवांत दाणे टिपायची आणि वडील डोक्याला हात लावायचे. 'शेतात हिचा काही उपयोग नाही म्हणून त्यांनी मला शाळेत घातलं,' असं बाईच सांगतात. पुढे त्या शिक्षिका झाल्या, पगारातून पुस्तकं घेत राहिल्या. लग्न राहून गेलं, त्याची त्यांना फारशी खंत नाही.

नव्वदच्या सुमारास त्यांची बदली सुरगाण्याकडच्या एका पाड्यावर झाली. तिथं दिवाळी सरली की माणसं द्राक्षबागांत कामाला जातात, पोरंही त्यांच्याबरोबर. वर्ग निम्मा रिकामा व्हायचा. बाईंनी युक्ती काढली. दिवाळीआधी एक लांबलचक गोष्ट सुरू करायची आणि ऐन रंगात आली की थांबायचं. पुढचं ऐकायचं असेल तर शाळेत परत या. पुष्कळ पोरं खरंच परत यायची. बाई स्वतःवर भलत्याच खूश होत्या.

एका वर्षी आशा आली नाही. चौथीतली, वर्गात सगळ्यात हुशार. परीक्षा बुडली की अशा मुली पुन्हा शाळेत दिसत नाहीत, हे बाईंनी पाहिलेलं. एका रविवारी जीप पकडून त्या दिंडोरीकडे तिच्या घरचे कामाला होते ती बाग शोधत गेल्या.

दुपारची सुट्टी होती. बायका मांडवाखाली बसून नागलीची भाकरी खात होत्या. आशाच्या कडेवर धाकटा भाऊ होता. बाईंना बघताच तिची आई नवसाबाई म्हणाली, "त्या गोष्टीतली पोरगी भुयारात शिरली, मग पुढं काय झालं तिचं? आमची आशा रोज सांगते आन् तिथंच थांबते."

बाकीच्या बायकाही खायच्या थांबल्या.

आत्ता सांगितलं तर आशाला परत न्यायला हातात काहीच उरणार नाही, हे बाईंना कळत होतं. 'आधी पोरगी शाळेत पाठवा' असं अगदी ओठांवर आलं होतं. पण ह्या बायका सगळा हंगाम त्या भुयाराच्या तोंडाशी खोळंबून राहिल्या होत्या. बाईंना स्वतःची लाज वाटली. त्यांनी गोष्ट शेवटापर्यंत सांगितली. मुकादम हाका मारत राहिला, एकही बाई उठली नाही.

गोष्ट संपली. बाई हिरमुसून निघणार, तेवढ्यात नवसाबाईनं विचारलं, "हे सगळं पुस्तकात असतं?"

"असतं. अशा पुष्कळ गोष्टी असतात."

"आशाला येतं का ते वाचाया?"

"थोडंफार. अजून शिकायला हवं."

नवसाबाईनं आशाच्या कडेवरचं पोर काढून घेतलं आणि आपल्या पाठीला बांधलं.

"मग घेऊन जा तिला. पाड्यावर घरी आजी हाय, हिला सांभाळंल. दर टायमाला तुमची वाट बघत बसाया मला नाय जमायचं."