कुणाच्या घरचा गोंधळ

माझे वडील, अण्णा, गोंधळी. लग्नानंतर लोकांच्या घरी देवीचा गोंधळ घालायचा, हे आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं काम. शाळेत असताना मी ते कुणाला सांगितलं नाही. वडील काय करतात असं विचारलं की मी ‘खाजगी नोकरी’ म्हणून ठोकून द्यायचे. पुढे मास्तरीण झाले, सोलापुरात दोन खोल्या झाल्या, अण्णांना तिथं आणलं, आणि मग मला एकदम परंपरेचा अभिमान वाटायला लागला. पगार सुरू झाल्यावरचा अभिमान तो, फुकटचा.

त्याच भरात मी सिनेमावाल्यांना घरी बोलावलं. रक्त पिणाऱ्या भुताचा सिनेमा होता. त्या भुताला कुणी हाक मारून बोलावल्याशिवाय घरात पाऊल टाकता येत नाही, आणि ज्याचं रक्त पितो त्याची भाषा, त्याची गाणी त्याला आपोआप येतात, अशी गोष्ट. “आम्हाला इथल्या मातीतला आवाज हवाय,” असं साउंडवाले साहेब फोनवर म्हणाले. मला तेवढंच ऐकू आलं. ते दारात बूट काढत घुटमळत होते तेव्हा मीच म्हटलं, “या ना, आत या.”

शेजारच्या तेलुगू कुटुंबानं माझ्या शब्दाखातर तासभर माग बंद ठेवले. आवाज घुमू नये म्हणून साहेबांनी भिंतींना चादरी लावायला सांगितल्या. सोलापुरात चादरींना काय तोटा! एक चादर देव्हाऱ्यावरही आली. अण्णांनी ती पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

गोंधळ कुणाच्या तरी घरचा असावा लागतो. ज्यांनी घालायला बोलावलं त्यांचं नाव घ्यायचं, दिवटी पेटवायची, गावोगावच्या देवांना एकेक करून बोलवायचं, कथा सांगायची, आरती करायची आणि शेवटी दुधानं दिवटी शांत करायची. मधेच उठायचं नाही. अण्णांनी कमरेला संबळ बांधून, कवड्यांची माळ सारखी करत विचारलं, “कुणाच्या घरचा हाय गोंधळ?”

साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी घाईघाईनं म्हटलं, “आपल्याच घरचा समजा, अण्णा.”

“आपल्या घरी कुटं लगीन हाय?”

“समजा की.”

धूर नको म्हणून दिवटी पेटवलीच नाही. तरी अण्णा डोळे मिटून गायले. एकेका देवीला अशी हाक मारली की माझ्या अंगावर काटा आला. शेवटच्या देवाचं नाव झालं आणि साहेबांनी हात वर केला. “बास, काका! एवढंच हवं होतं.”

“आवं, आत्ता तर देव आल्यात. कथा कुटं झाली? आरती?”

“ती नकोय आम्हाला.”

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. मी चहा टाकायला उठले.

सिनेमा लागला तेव्हा अर्धी रजा काढून मी अण्णांना दुपारच्या खेळाला नेलं. त्यांनी नवा पटका बांधला होता. पडद्यावर एक दार उघडलं, अण्णांचा आवाज सगळ्या थेटरात भरला, आणि एक पांढराफटक माणूस हसत उंबरा ओलांडून आत आला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. पुढेही तेच. तो यायचा झाला की आधी अण्णांची हाक.

मध्यंतराला दिवे लागले तरी अण्णा हलले नाहीत. मग हळूच म्हणाले, “आवाज माजाच हाय. पर मी हाक मारली आईला. आन् आलं कोण?”

मी म्हटलं, “सिनेमा आहे अण्णा तो.” इतकं निर्लज्ज वाक्य मी आयुष्यात दुसरं बोलले नसेन.

त्यानंतर वैरागला एका लग्नघरी अण्णांनी पहिली हाक दिली आणि मांडवातली पोरंसोरं किंचाळली. नवरदेवाचे मित्र दात विचकून नाचायला लागले. यजमानही हसत म्हणाले, “अण्णा, तेवढं सिनेमातलंच होऊ द्या. बाकीचं ऱ्हाऊ द्या.” अण्णांनी दूध मागून घेतलं, दिवटी शांत केली आणि मिळेल त्या गाडीनं घरी आले. संबळ खुंटीला अडकवलं ते कायमचं.

मी खूप मागे लागले. सगळं गाऊन ठेवा, मी मोबाइलवर घेते, कथा तरी घेते. रडलेसुद्धा. अण्णा रागावले नाहीत. “कुणाच्या घरचा?” एवढंच विचारायचे. आपल्या घरचा, असं म्हणायला माझी जीभ रेटायची नाही.

अण्णा गेले. कथा, आरती, सगळं त्यांच्याबरोबर गेलं. आमच्या घराण्यात आता ते कुणाला येत नाही, आणि मला येत नाही याला मीच कारण आहे. राहिल्या त्या फक्त हाका, त्याही त्या सिनेमात. अण्णांची फार आठवण आली की मी मोबाइलवर तो लावते. दार उघडतं, अण्णा हाक मारायला लागतात. तो पांढराफटक माणूस उंबऱ्यावर दिसला की मला बघवत नाही, मी बंद करते. अण्णाही तिथंच थांबतात.