लिफ्टमामांचं अर्धं मत

आमच्या ऑफिसच्या लिफ्टमध्ये एक लाकडी स्टूल आहे आणि त्या स्टुलावर मामा बसतात. जाळीचं दार ओढायचं, बटण दाबायचं, “बोटं सांभाळा” म्हणायचं, एवढंच त्यांचं काम. पण सध्या कुठली कादंबरी वाचावी, हे विचारायला निम्मं ऑफिस त्यांच्याकडे जातं. मामांची शाळा नववीत सुटली, वाचन सुटलं नाही. स्टुलाखाली कायम एक जाडजूड कादंबरी, आणि तिच्यात खूण म्हणून बसचं तिकीट.

मत विचारलं की मामा ते एका फेरीत देतात. पद्धत ठरलेली. तळमजल्यापासून दोष सांगायचे, चौथ्याच्या पुढे गुण. “चांगलं शेवटी सांगावं, माणूस तेच घेऊन टेबलाशी जातो,” असं त्यांचं म्हणणं. सहाव्या मजल्यावरच्यांना अख्खं मत मिळतं. मी आस्थापना शाखेत, तिसऱ्यावर उतरते. त्यामुळे कित्येक वर्षं माझी अशी समजूत होती की या माणसाला जगातली एकही कादंबरी आवडत नाही. मग वाचता कशाला, असं मी एकदा फटकन विचारलंही. मामा म्हणाले, “मॅडम, कधीतरी वरपर्यंत या की.” मला तो टोमणा वाटला. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. माझं डोकं असंच आहे, लगेच तापतं.

सहाव्या मजल्यावर जावकवाल्या ताई बसतात. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्रावर क्रमांक घालायचा आणि रजिस्टरात नोंद करायची. इतक्या भिडस्त की लिफ्टमध्ये कुणी त्यांच्या पायावर पाय दिला तर त्याच “सॉरी” म्हणतात. पण कादंबरीचा विषय निघाला की वेगळ्याच. मामांनी सुचवलेली कादंबरी आठवड्यात वाचून यायच्या आणि हळूच म्हणायच्या, “मामा, शेवट नाही पटला.” झालं, मग सहाही मजले दोघांची हुज्जत.

एकदा त्यांनी मामांना एक फाइल दिली. हाताने लिहिलेली दोनशे पानं. “मैत्रिणीने लिहिलीय. छापायला पाठवावी की नाही विचारतेय. तुम्ही म्हणाल तसं ती करेल.”

दहा-बारा दिवसांनी, सकाळच्या गर्दीत, मामांनी फाइल परत केली. आम्ही आठजण दाटीवाटीने उभे. लिफ्ट सुटली आणि मामांनी नेहमीसारखी सुरुवात केली.

“ताई, मैत्रिणीला सांगा, फार रेंगाळतेय. नायिका पहिल्या पानापासून खिडकीत उभी. चाळिसाव्या पानावरही तिथेच. पाय दुखत नाहीत का तिचे?”

सगळे हसले. माझ्या जिभेला कुठली उसंत! मी म्हटलं, “मग ढकला की खाली, तेवढीच गोष्ट पुढे सरकेल!” जोरात हशा पिकला. मामाही हसले आणि म्हणाले, “शिवाय तो प्रियकर काय बोलतो, ते त्याचं त्याला तरी कळतं का, देव जाणे.”

तिसरा मजला आला. मी उतरले आणि माझ्यामागून ताईही उतरल्या. “इथे जरा काम आहे,” असं काहीतरी पुटपुटल्या. फाइल छातीशी घट्ट धरलेली. आमच्या शाखेत त्यांचं काडीचं काम नव्हतं. त्या जिन्याकडे वळल्या, एवढं मी पाहिलं आणि चहा प्यायला गेले.

दुसऱ्या दिवसापासून ताई जिन्याने जाऊ-येऊ लागल्या. कुणी विचारलं की सांगायच्या, “डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.” आम्ही विश्वास ठेवला. मामांनी ठेवला नाही.

पाचव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी डबा धुवून येत होते, तर जिन्याच्या वळणावर मामा कठडा धरून उभे. त्या अर्ध्या तासात लिफ्टला कुलूप असतं आणि किल्ली पहारेकऱ्याकडे. मामांचा उजवा गुडघा चार वर्षं झाली, धड वाकत नाही.

“मामा, कुठे निघालात?”

“सहाव्यावर. ताईंकडे.”

“एवढं काय अडलंय?”

“मैत्रिणीच्या कादंबरीपायी कुणी पाच दिवस सहा-सहा मजले चढतं का, मॅडम?”

म्हणजे कादंबरी ताईंचीच! ढकला खाली, हे मी म्हटलं होतं, दुसऱ्या कुणी नाही.

“वाईट तेवढं ऐकून गेल्या,” मामा म्हणाले. “चांगलं सांगायचं राहूनच गेलं. त्यांनी ती पाठवलीच नाही तर?”

मी डबा तिथेच खिडकीत ठेवला आणि त्यांच्या काखेत हात घातला.

ताई टेबलाशी एकट्याच होत्या. डबा उघडलेला, पण खाल्लेला नाही. आम्हाला बघून गडबडून उठल्या, मामांना खुर्ची दिली, पाणी दिलं. मामांनी पाणी संपवलं, धाप ओसरू दिली.

“ताई, मी बोललो ते मागे घ्यायला आलेलो नाही. नायिका कंटाळवाणी आहेच.”

मी कपाळाला हात लावला. याच्यासाठी का या माणसाला मी तीन मजले ओढून आणलं?

“पण ते म्हातारे वडील!” मामा म्हणाले. “असा माणूस छापील पुस्तकांतही फार कमी वेळा भेटला मला. त्यांचं ते पान मी चारदा वाचलं. चौथ्या वेळी तर नुसता चष्मा पुसत बसलो. पहिली नव्वद पानं काढून टाका, वडिलांपासून सुरू करा, आणि पाठवा. मैत्रिणीला सांगा.”

ताई टेबलाकडे बघत म्हणाल्या, “मैत्रीण नाहीये, मामा.”

“ठाऊक आहे.”

“आणि कादंबरीही नाही आता. त्याच दिवशी घरी जाऊन फाडून टाकली. एकच प्रत होती.”

मी आयुष्यात बऱ्याच जणांना बरंच काही बोलले असेन, पण तेव्हासारखी लाज मला कधी वाटली नव्हती. “ताई, माझं चुकलं,” एवढंच तोंडातून निघालं. त्या “नाही हो, तसं काही नाही” म्हणाल्या, त्याने तर मला आणखीच रडू आलं.

मामांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली. मग गोष्ट सांगावी तसे सांगू लागले. “वडील खाटेवर आहेत. दिसत नाही त्यांना. मुलगी कामावरून घरी येते. ते विचारतात, दार लावलं का? ती म्हणते, लावलं. थोड्या वेळाने पुन्हा विचारतात. ती म्हणते, लावलं हो बाबा. तिसऱ्यांदा विचारतात तेव्हा ती चिडते...”

“चिडत नाही,” ताई म्हणाल्या.

“मग?”

“उठते. दाराशी जाते आणि कडी वाजवून दाखवते. त्यांना ऐकू जावी म्हणून दोनदा.”

“मग ते काय म्हणतात?”

“म्हणतात, ‘आता कसं!’ आणि भिंतीकडे तोंड करून झोपतात.” ताईंनी उघडा डबा झाकला. मग म्हणाल्या, “माझे बाबा असेच होते.”

चारदा वाचलेलं पान मामा चुकले कसे, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण त्या दिवशी पहिल्यांदाच मी तोंड बंद ठेवलं.

“हे लिहून घ्या, ताई,” मामा म्हणाले, “नाहीतर मी पुन्हा चुकेन.”

ताईंनी इकडेतिकडे बघितलं. रद्दीच्या गठ्ठ्यातून एक पाठकोरा कागद ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि लिहायला लागल्या. पहिली ओळ खोडली, मग पेन थांबलं नाही.

सुट्टी संपल्याची घंटा झाली. खाली लिफ्टपाशी माणसं जमली असणार, कारण जिन्यातून “मामा! अहो मामा!” अशा हाका वर येऊ लागल्या. बावीस वर्षांत या माणसाने लिफ्ट एक मिनिटसुद्धा उशिरा उघडली नव्हती. मामांनी खुर्ची आणखी पुढे ओढली.

“पुढे?” ते म्हणाले.