चल म्हणत धरलेला लगाम
परवा वरातीची घोडी दारावरून गेली आणि घामेजल्या चामड्याच्या वासासरशी बोरगावचा तो नाला आठवला. घरधनी संत्री घेऊन नागपूरला गेलेले. टांग्यात सासूबाई धाप लागून निळ्या पडत चाललेल्या, आणि त्यांना सौंसरच्या दवाखान्यात नेणारी शहाणी कोण, तर मी. तोवर मी घोडीला नुसता हरभरा चारला होता, लगाम कधी धरला नव्हता. पाण्याच्या काठाशी घोडी थांबली ती हलेचना. विहिरीतून बादली ओढावी तसा मी लगाम ओढत होते आणि "चल माय, चल" म्हणून रडत होते. मागून सासूबाई कशाबशा बोलल्या, "तोंडानं चल म्हणून राहिली अन् हातानं थांब. तिनं कोणाचं आयकाव वं?" मी मुठी सैल केल्या. घोडीनं मान लांबवून पाणी हुंगलं, एक पाय उचलला, आणि मी घाबरून पुन्हा लगाम आवळणार तोच त्या म्हणाल्या, "आता सोड." घोडी पाण्यात उतरली, पार झाली. सौंसर आलं, सासूबाई मात्र त्यानंतर बोलल्या नाहीत, घरीही आल्या नाहीत. हल्ली सून नातवाचं मनगट आवळून "जा, शाळेची गाडी आली" म्हणत उभी राहते, तेव्हा मी ओट्यावरून सासूबाईंच्याच आवाजात म्हणते, "आता सोड."