उघडलेलं पान

रंगनाथरावांची सकाळ पेपरातल्या निधनवार्तांपासून सुरू होई. खडकीच्या कारखान्यात बत्तीस वर्षं काढलेला माणूस. आता तिथले कोण गेले ते या रकान्यातूनच कळायचं. वाघोलीला मुलाकडे राहायला आल्यावर मुलानं रद्दी नको म्हणून पेपर बंद केला आणि फोनवर त्याच पेपरचं अ‍ॅप घालून दिलं. त्यात पान तेच दिसे, पण मुंगीएवढं. बोटांनी ताणायचं, सरकवायचं आणि मधे येणाऱ्या जाहिराती टिपायच्या.

"अहो, पेपर वाचताय की डास मारताय?" सत्यशीलाबाई विचारायच्या.

त्या दिवशी त्यांनी 'दुःखद निधन' हे शब्द ताणून मोठे केले, पान सरकवलं, आणि समोर सर्जेरावांचा फोटो आला. फेटा बांधलेला. पंचवीस वर्षं एकाच मशीनवर बरोबर उभा राहिलेला सर्जेराव. खालची ओळ वाचणार, तोच फ्लॅटची जाहिरात आडवी आली. ती बंद करायला गेले, तर बिल्डरचंच दुकान उघडलं. परत आले, तर अ‍ॅप म्हणालं, पुन्हा लॉगिन करा. ओटीपी काही येईना.

"फोन करून बघा की त्यांच्याकडे," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

"काय विचारू? गेलास का म्हणून?"

दिवाळीत त्यांनी सर्जेरावांना 'येतो' म्हणून सांगितलं होतं, आणि आता मार्च संपत आला. त्यांनी पांढरा सदरा-पायजमा चढवला. पुढे केलेला चहाही घेतला नाही. मयताला जाताना ते पाणीसुद्धा पीत नसत.

बसस्टॉपवर इंदुबाई चहाच्या टपरीवरच पेपरही विकत. अंत्ययात्रा किती वाजता ते तरी कळेल म्हणून रंगनाथरावांनी एक घेतला आणि बाकावर पूर्ण पसरला. डावीकडे निधनाचा रकाना होता. त्यात चार नावं, चारही अनोळखी. त्याला लागून, बारीक रेघेपलीकडे, अभीष्टचिंतनाची चौकट. त्यात फेटेवाले सर्जेराव. 'पंचाहत्तरीनिमित्त शुभेच्छा. शुभेच्छुक: समस्त मित्र परिवार.'

पान सरकवताना बोट रेघ ओलांडून गेलं होतं.

रंगनाथराव बाकावर बसलेच. मग त्यांनी फोन लावला.

"बोल रंगा," पलीकडून खणखणीत आवाज. "आज बरी आठवण झाली. पेपरात पैसे भरून छापावं लागतं तेव्हा मित्र जागे होतात."

"निघालोच होतो तुझ्याकडे."

"खोटं बोलू नकोस."

"देवाशपथ. कपडे करून बसस्टॉपवर बसलोय."

"मग ये, जेवायलाच ये. आणि वहिनींनाही आण."

"आणतो. घरी जाऊन कपडे तेवढे बदलतो."

"का? घातलेत त्यांना काय झालं?"

"डाग पडलाय," रंगनाथराव म्हणाले. पेपराची नीट घडी करून त्यांनी ती काखेत मारली. "इंदुबाई, एक चहा द्या. साखर जरा सढळ हातानं. आणि उद्यापासून एक पेपर माझ्यासाठी बाजूला ठेवत चला."