रडण्यापर्यंतची गोष्ट

रविवारी मेसमध्ये मटण असतं, आणि मटण-भात चापल्यावर सेमिनरीच्या हॉस्टेलात जागं राहायला देवाची खास कृपा लागते. ती माझ्यावर नाही. पलंगावर फळ्याला चिकटवायची फ्लॅनेलच्या कापडाची चित्रं पसरून मी संध्याकाळच्या धड्याची तयारी करतेय आणि डोळे मिटत चाललेत.

मी इथं ख्रिस्ती शिक्षणाची पदवी घेतेय. म्हणजे चर्चमध्ये रविवारी बायबल शिकायला येणाऱ्या संडे स्कूलच्या पोरांना कसं शिकवावं, ते जाडजूड पुस्तकांतून शिकायचं. आज थोरात सर मागं बसून माझा धडा तपासणार. धडा नेमका कसला, तर येशूनं मेलेल्या मित्राला कबरेतून उठवलं, तो. आणि पुढच्याच रांगेत सहा वर्षांची जेमिमा असणार. तिची आई गेल्या महिन्यात वारली. धडा बदलू का विचारलं, तर सर म्हणाले, अभ्यासक्रम म्हणजे अभ्यासक्रम. पोरगी काय विचारणार ते मला ठाऊक आहे.

पलंग बुटका व्हायला लागतो. मग कळतं, हा पलंग नाहीच, बालवाडीतली खुर्ची आहे आणि मी आमच्या वर्गात बसलेय. समोर तसल्याच खुर्चीत हिवाळे मॅडम, गुडघे पार हनुवटीपाशी आलेले, गालात लवंग. घसा बसतो म्हणून त्या कायम लवंग चघळायच्या. पहिल्या वर्षी त्यांनीच आम्हाला शिकवलं आणि नाताळाआधी गेल्या. त्यांच्या कबरेवर मी माझ्या हातानं माती टाकलीय. तरी त्यांना इथं बघून मला नवल वाटत नाही, नुसतं बरं वाटतं.

त्यांची रीत अशी, की एकानं धडा घ्यायचा आणि बाकीच्यांनी पोरं व्हायचं. दाढीवाले, बायकापोरं असलेले विद्यार्थीसुद्धा त्या खुर्च्यांत बसून नाक ओढायचे. मॅडम स्वतः मात्र कधी पोर झाल्या नाहीत.

आज होतात. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बारीक आवाजात विचारतात, “मिस, मग माझ्या आईला का नाही उठवलं?”

मी गडबडते. स्वर्ग, देवाची योजना, पुन्हा भेट, जे जे पाठ केलंय ते सगळं बोलून टाकते. मॅडमचा चेहरा हलत नाही. भिंती कधी गेल्या कोण जाणे, आमच्या खुर्च्या आता दफनभूमीत आहेत, कबरींच्या मधोमध, आणि कुठंतरी मेसची ताटं वाजतायत.

“एस्तेर,” मॅडम आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणतात, “तुला उत्तर माहितीय का?”

“नाही, मॅडम.”

“मग तसं सांग की तिला. आणि मित्राला उठवण्याआधी येशू कबरेपाशी उभा राहून रडला होता. ती पोरगी अजून तिथंच आहे. तू कुठं पुढं पळतेस?”

मी म्हणते, धडा अर्धा राहिला तर सर नापास करतील. त्या हसतात. सांगतात, थोरातही माझाच विद्यार्थी, पहिल्या धड्याला तोही असाच पळत सुटला होता. मग माझ्या मांडीवरून पट्ट्यांत गुंडाळलेल्या त्या मित्राचं चित्र उचलतात, तळहातावर धरून नीट बघतात आणि माझ्या मुठीत ठेवतात.

“ह्याला पुढच्या रविवारी काढ.”

मला त्यांना खूप काही सांगायचंय. तुम्ही होतात म्हणून मी इथं टिकले, नाहीतर पहिल्याच सत्रात घरी गेले असते. तोंडातून फक्त थँक्यू निघतं.

“कळलं गं,” त्या म्हणतात. “ऊठ आता. पोरं यायची वेळ झाली.”

मी उठते. हॉस्टेलची खोली, गालावर उशीचे वळ. चित्रं जागच्या जागी आहेत, एकच माझ्या मुठीत आहे. पट्ट्यांत गुंडाळलेला तो मित्र. कालच नव्या कोऱ्या कापडातून मी तो कापलाय. नाकाशी नेते, तर लवंगेचा वास. मेसच्या मटणाचा म्हणावा, तर त्यात लवंग सोडाच, मीठसुद्धा धड नसतं.

मी तो पर्समध्ये ठेवते आणि चेन ओढते. मग खाली उतरून वर्गातली एक बुटकी खुर्ची काखेत मारते, आणि जेमिमाच्या शेजारी बसायला निघते.