पळसाखालचं ऊन

पालमला आमच्या घरात चित्रकलेच्या एक बाई भाड्यानं राहायच्या. शाळेतून आल्या की पुठ्ठ्यावर झाडं रंगवायच्या. मी दारातूनच बघायचे. एकदा म्हणाल्या, "वहिनी, टेकून टेकून चौकट झिजली आमची. आत या." अन् हातात ब्रश दिला.

मला एकच काढायचं होतं. माझं माहेर येलदरीच्या वरच्या अंगाला. तिथल्या पळसाच्या रानात मी आणि आई पत्रावळीसाठी पानं तोडायला जायचो, भर दुपारी. पानांतून ऊन आईच्या पाठीवर सांडायचं, ती वाकली की हलायचं. माझ्या लग्नानंतर रान मोडलं, तिथं कापूस आला. आई दोन दिवसांसाठी येणार होती. तिला ते ऊन दाखवायचं होतं.

ती यायच्या आदल्या दिवशी बाई शाळेत असताना मी एकटीच बसले. दरसाली मी भिंतींना पिवडी घालून चुना देते. ओला असतो तोवर मळकट दिसतो, वाळला की लख्ख. म्हणून उन्हाचा रंगही मुद्दाम मळकट कालवला. पण बाईंचे ते अ‍ॅक्रिलिक रंग उलटे. वाळले तसे आणखीच काळवंडले.

आईनं पुठ्ठा लांब धरला, जवळ धरला.

"आपलंच रान हाय की गं! पर दिस बुडायलाय. इतका येळ कवा थांबलो व्हतो आपुन? तुज्या बापानं दारातच घेतलं नसतं."

ती हसली, मीही हसले. ही दुपार आहे, एवढं सांगायला माझं तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सांजच्याला बाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "एवढंच ना? वरून उजळ रंग द्या. खालचं झाकून जातं."

पण विद्यापीठाच्या नामांतरावरून तेव्हा एस.टी. कधी बंद पडेल नेम नव्हता. आई त्याच दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीनं निघून गेली होती. तरी मी पिवळ्यात पांढरा मिसळून वरून दिला. वाटेवर ऊन आलं, मग आईच्या पाठीवर आलं.

पुढं आईचे पाय गेले. मी भेटायला जायचे, पण पुठ्ठा कधी नेला नाही. भरल्या गाडीत लोक विचारतील, कुणी काढलं, याचीच लाज वाटायची. आई गेली तेव्हाही तो घरीच होता.

तिला दाखवायचं राहिलं, की आपल्याला उशीर झाला नव्हता. पानं अजून अर्धीच तोडून झाली होती.